बैलाचे औषध आणि गिधाडाचे मरण

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्यासमोर ‘बुळकांडी’ हा शब्द काढला, की तो क्षणभर गप्प होतो. ताप, तोंडात फोड, मग हगवण आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा! काळ्या जमिनीतला कापूस बैलांच्या जिवावर पिकायचा. बैलजोडी गेली की त्या वर्षाची पेरणीही गेली. उपाय म्हणाल तर तापल्या लोखंडाचा डाग आणि देवीला नवस.

हा रोग लशीने संपवला. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्स यांनी 1920 च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यातून लस निघाली. 1954 पासून देशभर निर्मूलनाची मोहीम चालली, 1995 नंतर भारतात या रोगाची साथ दिसली नाही आणि 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून हटवलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग. त्याचा उत्सव कोणी केला नाही, कारण तो जनावरांचा होता.

पण मला आज सांगायचे आहे ते दुसऱ्या एका औषधाविषयी. लस जनावराच्या अंगात रोगाशी लढण्याची ताकद तयार करते. प्रतिजैविक जिवाणूंना मारते, जंताचे औषध जंत पाडते. वेदनाशामकाचे काम वेगळे. ते रोग बरा करत नाही. दुखणे, सूज आणि ताप तेवढा उतरवते. शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते. जुवाने बैलाची खांद सुजते, पाय मुरगळतो आणि वाफसा तर उद्याच संपणार असतो! पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण तूप-हळद लावून खांद शेकतो. तो नुसता मान नव्हे, वर्षभराच्या सुजेवरचा उपचारच आहे.

1990 च्या दशकात या हळदीच्या जागी डायक्लोफेनॅक आले. माणसांच्या सांधेदुखीचे हे औषध जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. सकाळी सुई टोचली की लंगडणारा बैल लवकरच पाय टेकायचा. तालुक्याच्या दुकानात कोणीही जावे आणि बाटली घेऊन यावे, असा प्रकार होता. बैलाला त्याचा फारसा त्रास होत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

त्याच सुमारास आकाशातली गिधाडे कमी होऊ लागली. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात ती उतरत आणि दुपारपर्यंत हाडे उरत, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांनी ही घट मोजून लक्षात आणून दिली. कोणी कीटकनाशकांवर बोट ठेवले, कोणी अज्ञात विषाणूवर. उत्तर 2004 मध्ये पाकिस्तानातून आले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडली, तेव्हा आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी होऊन युरिक आम्ल साचले होते. अशा पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडले. सुई टोचल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले, की त्याचे मांस खाणारे गिधाड काही दिवसांतच मरते. शंभरात एखादे असे ढोर असले, तरी गिधाडांचा वंश बुडायला पुरे, असे गणित निघाले. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली!

त्यांच्यामागे सडकी ढोरे आणि भटकी कुत्री राहिली. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, गिधाडे गेल्याने 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली. ढोराची सुई माणसापर्यंत अशी पोहोचली.

2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचे पाऊल उचलले गेले. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरू लागले, म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलिलिटरपुरत्या मर्यादित झाल्या. अॅसिक्लोफेनॅक जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते. त्याच्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला 2023 उजाडले. निमेसुलाइडची पाळी 2024 च्या अखेरीस आली. सरकारी कागद गिधाडाइतक्या वेगाने उडत नाही, एवढेच म्हणतो. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, हे तर 2006 मध्येच सिद्ध झाले होते आणि बैलाची सूज त्यानेही उतरते.

2022 च्या पावसाळ्यात अकोला-बुलडाण्याकडे लम्पी पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस कामी आली. बुळकांडीच्या वेळीही शेळीच उपयोगी पडली होती! पण तापाने फणफणलेल्या गायीला कोणते वेदनाशामक टोचायचे, हा प्रश्न अकोला-अमरावतीच्या गोठ्यागोठ्यांत त्या वेळी पुन्हा उभा राहिला.

2024 च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडे आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंचला आणली. पुढे मोकळी सोडल्यावर त्यांतले एक थेट तामिळनाडूपर्यंत गेले. एवढ्या वाटेवर त्याला भूक लागते आणि जिथे ढोर दिसेल तिथे ते उतरते.