'निर्धोक' या विशेषणाचा इतिहास : प्रशीतक, ओझोन आणि हवामान

प्रशीतकांचा इतिहास सामान्यतः रसायनशास्त्राच्या प्रगतीचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो. परंतु तो 'निर्धोक' या एका विशेषणाच्या अर्थविस्ताराचाही इतिहास आहे. एखादा पदार्थ निर्धोक ठरविताना धोका कोणाला, कोठे आणि किती काळानंतर, या तीन प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात. ही गृहीते बदलली तसतसे त्याच पदार्थांचे मूल्यमापनही बदलत गेले.

१९२० नंतरच्या दशकात घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मेथिल क्लोराइड हे वायू वापरीत. हे सर्वच विषारी होते, आणि वायू गळल्यास घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी १९२६ पासून हलते भाग नसलेल्या शीतकपाटाची रचना हाती घेतली, ती ही गळती टाळण्यासाठीच. अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये निराळा मार्ग धरला : यंत्र न बदलता वायूच बदलावयाचा. डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन हे संयुग त्यांनी निवडले. 'फ्रिऑन' या व्यापारी नावाने ते प्रसिद्धीस आले. १९३० साली अटलांटा येथील रसायनज्ञांच्या सभेत मिजली यांनी त्याची वाफ श्वासावाटे आत घेतली आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही व ज्वालाग्राही नाही, ही दोन्ही विधाने एका श्वासात सिद्ध झाली. त्या काळच्या अर्थाने तो खरोखरच निर्धोक होता. धोका घरातील माणसाला, घरात आणि तत्काळ, एवढीच त्या शब्दाची व्याप्ती होती.

या संयुगांच्या अंकसंज्ञाही लक्षणीय आहेत. त्यांतील एकं स्थानचा अंक फ्लुओरीनच्या अणूंची संख्या दाखवितो. दहं स्थानचा अंक हायड्रोजनच्या अणूंहून एकाने अधिक, तर शतं स्थानचा अंक कार्बनच्या अणूंहून एकाने कमी असतो. 'आर-१२' म्हणजे कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लुओरीन दोन. क्लोरीनला स्वतंत्र स्थान नाही; कार्बनचे उरलेले बंध क्लोरीनचे, असे अनुमानाने जाणावयाचे. ही केवळ लेखनाची सोय होती, हे खरे. तथापि ज्या घटकाने पुढे अनर्थ ओढवला तोच संज्ञेत अनुक्त राहिला.

जेम्स लव्हलॉक यांनी ही संयुगे दूर सागरावरील हवेतही आढळल्याचे १९७३ साली प्रसिद्ध केले. पण त्यांत धोका नाही, असेच तेव्हा त्यांचेही मत होते. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी पुढचा प्रश्न विचारला : न विघटणारा हा वायू अखेर जातो कोठे? तो स्थितांबरात पोहोचतो, तेथे जंबुपार किरणांनी त्याचे विघटन होते आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनचा रेणू मोडतो व पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू सुमारे लाखभर रेणूंचा नाश करू शकतो. ज्या रासायनिक निष्क्रियतेमुळे वायू घरात निर्धोक ठरला, तिच्यामुळेच तो आकाशात घातक ठरला.

दुसरा अर्थविस्तार हवामानाचा. वीरभद्रन् रामनाथन् यांनी उमेदवारीच्या काळात सिकंदराबाद येथील शीतयंत्रांच्या एका कारखान्यात या वायूंच्या गळतीचाच अभ्यास केला होता. १९७५ साली त्यांनी अमेरिकेत दाखवून दिले की, या संयुगांचा एक रेणू उष्णता रोखण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंच्या तोडीचा आहे. मात्र या निष्कर्षाचा धोरणावर परिणाम होण्यास बराच काळ लागला. प्रथम परिणाम झाला तो ओझोनविषयक पुराव्याचा. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली येथील निरीक्षणांतून वसंतऋतूतील ओझोनची मोठी घट उघड केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रिऑल करार झाला. १९९० मध्ये लंडन येथे विकसनशील देशांसाठी निधीची तरतूद झाली आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला.

यानंतर क्लोरीनरहित 'आर-१३४ए'सारखी संयुगे पुढे आली. ती 'ओझोनस निर्धोक' होती आणि ते विधान यथार्थही होते. परंतु विशेषणाची मर्यादा पुन्हा दृष्टिआड झाली. शंभर वर्षांच्या हिशेबाने या वायूचा तापनप्रभाव समभार कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे करारात दुरुस्ती करावी लागली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. तीनुसार अशा संयुगांचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे.

ओझोनची स्थिती आता सुधारत असून अंटार्क्टिकावर १९८० ची पातळी २०६६ च्या सुमारास परत येईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. दरम्यान घरगुती शीतकपाटांत आयसोब्यूटेन हा ज्वालाग्राही वायू रूढ झाला आहे. मिजलींच्या कसोटीवर तो टिकला नसता. मेणबत्ती विझण्याऐवजी त्याने पेट घेतला असता. आज अल्प मात्रा व बंदिस्त यंत्ररचना यांच्या आधारे त्याला निर्धोक म्हणतात. म्हणजे हा शब्द पदार्थाचा गुण सांगत नाही. पदार्थ, त्याचा उपयोग आणि काळ यांतील संबंध सांगतो. शीतकरणाची गरज उष्ण देशांत झपाट्याने वाढत असताना, नव्या प्रशीतकाला हे विशेषण लावण्यापूर्वी कोणाला, कोठे व किती काळ, हे तीन प्रश्न स्पष्टपणे विचारले जाणे अगत्याचे आहे.