उष्माघात (खान्देश)

शरीराचे आतले तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाऊन मेंदूचे काम बिघडणे म्हणजे उष्माघात. ओपीडीत नातेवाईक ‘ऊन लागलं’ एवढेच सांगतात, आणि त्यात बरेच काही मावते. घाम, पेटके, मळमळ, चक्कर, पण शुद्ध शाबूत, हा उष्णतेचा थकवा. त्याला सावली, पाणी व क्षार पुरतात. रुग्ण असंबद्ध बडबडू लागला, नातेवाईकांना ओळखेनासा झाला, झटके आले की तो उष्माघात, आणि तिथून पुढचा हिशेब मिनिटांचा.

तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा व दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये सापडलेले आहे. समुद्र लांब, जमीन काळी, एप्रिल-मेमध्ये वारे कोरडे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला तर कोणाला नवल वाटत नाही. हवामान खात्याच्या निकषाने मात्र मैदानी भागात 45 अंश म्हणजे उष्णतेची लाट, मग तिथली सरासरी काहीही असो. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) याच पट्ट्यात येते.

प्रकार दोन. पत्र्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी दोन-तीन दिवसांत हळूहळू निस्तेज होते, तो अभिजात प्रकार. त्यात त्वचा बहुधा कोरडी. केळीचे घड वाहणारा तरुण मजूर तासाभरात कोसळतो, तो श्रमजन्य प्रकार. तो घामाने निथळत असू शकतो. परीक्षेच्या तयारीत ‘त्वचा कोरडी व गरम’ एवढेच घोकलेला इंटर्न नेमका इथे फसतो आणि सलाईन लावून रुग्णाला बाकावर झोपवतो. केळीच्या बागेत सावली असते हे खरे, पण वारा अडतो आणि ओलीमुळे हवा दमट राहते, म्हणून घाम सुकत नाही. पाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये, हे 16 एप्रिल 2023 ला किनाऱ्याजवळच्या दमट खारघरने दाखवले. महाराष्ट्र भूषण सोहळ्याच्या त्या दिवशी तिथे तापमान 38 अंशांच्या आसपास होते; उष्माघाताने 14 जण दगावले. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते तेव्हा खान्देशची हवाही दमट होऊ लागलेली असते. वारीतल्या वैद्यकीय पथकाने हे ध्यानात ठेवावे.

तापमान गुदद्वारातून मोजावे. काखेतला आकडा कमी येतो आणि रुग्ण आधीच ओला केला असेल तर तो निरर्थकच. साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी 42 अंशांना संपते, त्यामुळे पारा टोकाला टेकला असेल तर खरे तापमान त्याहून जास्त असू शकते. बोटातून रक्त घेऊन साखर लगेच पाहावी. मेंदूचा मलेरिया व मेंदूज्वर मनात असावेत, पण त्यांच्या तपासण्यांसाठी शरीर थंड करणे थांबवू नये. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्वचा कोरडी, बडबड चालू, असे चित्र असेल तर धोतऱ्याची विषबाधा आठवावी. मनोविकारावरची औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या आणि दारू यांची विचारपूस करावी. ती धोका वाढवतात.

उपचार एकच: थंड करा, आणि ताबडतोब. अर्ध्या तासात तापमान 39 अंशांच्या खाली आणायचे. तरुण मजुराला बर्फाच्या पाण्यात बुडवणे सर्वांत प्रभावी; ग्रामीण रुग्णालयात टब नसतो, ताडपत्री खोलगट धरून त्यात पाणी-बर्फ ओतला तरी चालते. वृद्धांचे कपडे काढून अंगावर पाणी शिंपडावे व पंखा लावावा. खान्देशच्या कोरड्या हवेत ही पद्धत उत्तम चालते, कारण पाणी झरझर उडते. घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो आणि जूनमध्ये त्याच कारणाने निकामी होतो. 38.5 ते 39 अंशांना थांबावे, नाहीतर शरीर उलट्या टोकाला जाते. हुडहुडी भरली तर बेन्झोडायझेपाइन द्यावे. पॅरासिटामॉल व ॲस्पिरिन इथे उपयोगाची नाहीत, कारण मेंदूतला तापाचा बिंदू सरकलेलाच नसतो. यकृताला इजा व रक्तस्राव यांचा धोका तेवढा वाढतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि वॉर्डात तरीही पॅरासिटामॉलची बाटली लटकलेली दिसते.

मुक्ताईनगरहून जळगावला पाठवायचे म्हटले तर भुसावळमार्गे तासाभराचा रस्ता. तेवढ्यात मेंदू, मूत्रपिंड यांचे नुकसान होऊन चुकते. म्हणून 108 ची गाडी बोलवावी, पण रुग्ण तापलेला असताना तीत नुसताच चढवू नये. आधी थंड करावे, मग रवाना करावे, वाटेतही ओले कापड व वारा चालू ठेवावा.

शुद्ध आली म्हणून सुट्टी देऊ नये. स्नायू विरघळून लघवी चहाच्या रंगाची होते, पोटॅशियम चढते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात; रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. यकृताची विकरे पहिल्या दिवशी जवळपास ठीक दिसून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळी घेतात, त्यामुळे त्या तपासण्या रोज पुन्हा कराव्यात.