अनुक्रमांकाकडून कालांकाकडे : रेल्समधील फाईलनामांचा इतिहास

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीच्या इतिहासात भाषा व यंत्रे यांना जे स्थान मिळते, ते फाईलींच्या नावांना सहसा मिळत नाही. वस्तुतः नावाचा संकेत हा त्या काळातील कार्यपद्धतीचा पुरावा असतो. प्रस्तुत लेखात 'रुबी ऑन रेल्स' या वेब फ्रेमवर्कच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

नाव हाच दुवा :
डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रेल्स सर्वांसाठी खुले केले. जुळणीच्या तपशिलापेक्षा ठरलेला संकेत श्रेष्ठ, हे त्याचे सूत्र होते. 'जनरेटर'ला 'पर्सन' हे एकवचनी नाव दिले की तो त्या नावाची फाईल निर्माण करी आणि डेटाबेसमधील 'पीपल' या अनेकवचनी टेबलाशी तिचा संबंध नावावरूनच जुळे.

अनुक्रमांकाची मर्यादा :
डेटाबेसच्या रचनेतील बदल 'मायग्रेशन' फाईलींत नोंदवले जात. त्यांच्या नावांचा प्रारंभ ००१, ००२ अशा क्रमांकांनी होई आणि डेटाबेसमध्ये केवळ शेवटचा क्रमांक जतन केला जाई. एकट्या प्रोग्रॅमरसाठी हे पुरेसे होते. परंतु दोघे स्वतंत्रपणे काम करू लागले की दोघांच्याही हाती ०१५ हाच क्रमांक येई. शिवाय ०१६ अमलात आल्यानंतर दुसऱ्याची ०१५ दाखल झाली, तर ती पूर्वीच पार पडली असे गृहीत धरून वगळली जाई.

२००८ चा बदल :
रेल्स २.१ या आवृत्तीने क्रमांकाऐवजी वर्षापासून सेकंदापर्यंतचा चौदा अंकी कालांक जागतिक प्रमाणवेळेनुसार योजला. त्याचबरोबर अमलात आलेल्या प्रत्येक मायग्रेशनची स्वतंत्र नोंद ठेवली जाऊ लागली. त्यामुळे उशिरा आलेली फाईलही ओळखता येऊ लागली. तथापि, एकाच स्तंभात दोघांनी केलेले परस्परविरोधी बदल कालांकाने मिटत नाहीत.

जँगोने २०१४ मध्ये १.७ या आवृत्तीत निराळा मार्ग स्वीकारला. तेथे नावात ०००१ असा क्रमांक राहिला. मात्र कोणती फाईल कोणत्या फाईलीवर अवलंबून आहे, हे फाईलीच्या आत लिहिले गेले.

निष्कर्ष :
अनुक्रमांकाने एकच कर्ता गृहीत धरला होता, तर कालांकाने अनेक कर्ते मान्य केले. म्हणून फाईलनामातील हा बदल केवळ तांत्रिक नसून, सामूहिक श्रमाच्या इतिहासातील एक नोंद ठरतो.