सभेचा हॉल, चित्रांचे घर

मालेगावच्या उर्दू शाळांच्या सहली मुंबईला जातात तेव्हा गेट वे ऑफ इंडिया आणि वस्तुसंग्रहालय ही दोन ठिकाणे ठरलेलीच. दोन्ही वास्तू जॉर्ज विटेट या एकाच वास्तुशिल्पज्ञाच्या. त्याचीच आणखी एक इमारत वस्तुसंग्रहालयासमोर, रस्त्यापलीकडे आहे. ती मात्र आम्हा शिक्षकांच्या यादीत क्वचितच असते. सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल हे तिचे मूळ नाव. (जहांगीर आर्ट गॅलरी वेगळी, १९५२ची, दान मात्र त्याच पारशी घराण्याचे.)

१९११ हे साल या हॉलशी जोडले जाते. राजकीय सभा, संगीताचे जलसे, सारे एका छताखाली होई. पुढे शहरात मोठी, सोयीची सभागृहे झाली आणि हॉलचे दिवस फिरले. मुष्टियुद्धाचे सामने, युनियनच्या सभा, लग्ने, चामड्याच्या वस्तूंचे सेल. जो भाडे देईल त्याचा हॉल. लग्नांना आम्ही नावे ठेवणार नाही. गरिबाच्या निकाहालाही छप्पर लागतेच, हे शादीखान्याची तारीख मिळवताना दमलेल्या बापाला विचारावे. पण हॉलचा तेवढाच उपयोग उरला की गाव मुके होते.

शिल्पकार पिलू पोचखानवाला, कलाप्रेमी केकू गांधी आणि इतर कलावंतांनी हा हॉल कलेसाठी मागितला. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी बाहेरचे दगडी रूप राखून आत जिन्याने जोडलेली दालने रचली. कामाला सुमारे बारा वर्षे लागली. पोचखानवाला १९८६ साली वारल्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा तेथे उघडली ती डिसेंबर १९९६मध्ये. दिल्लीचे संग्रहालय १९५४चे, म्हणजे मुंबई बेचाळीस वर्षे मागे.

उद्घाटनाचे प्रदर्शन होते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि त्यांच्या सोबत्यांचे. १९४७ साली मुंबईतच स्थापन झालेल्या या गटात सहा जण होते: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. गोव्याचा ख्रिस्ती, अमरावती जिल्ह्यातले गाडे, मोटारी धुऊन पोट भरलेले आरा, आणि पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. सिनेमाचे बोर्ड रंगवून हुसेन यांनी मुंबईत दिवस काढले. स्वतःचा 'शोले' काढणाऱ्या आमच्या मालेगावला ते वेगळे सांगायला नको! याच हुसेन यांना २००६ साली देश सोडावा लागला; २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ साली लंडनमध्ये देह ठेवला.

आता त्या घुमटाखाली युनियनची सभा भरत नाही. तेथे हळू बोलायचे असते. काही गमावल्याशिवाय काही मिळत नाही, हे खरे. पण मुंबईकडे घोषणांसाठी दुसऱ्या जागा होत्या. आमच्याकडे मुशायरा मैदानात रंगतो, रात्र रात्र चालतो, त्याला भिंती लागत नाहीत. चित्राला लागतात. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली आमची मुले चित्रे काढतात. ती वर्षातून एकदा शाळेच्या व्हरांड्यात दोरीला लटकतात आणि संध्याकाळी उतरवली जातात.