धुण्याच्या पाण्याचा हिशेब

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, त्यांवरची मालगुजारांची मालकी, तलावाखालचे धान, ढिवरांची मासेमारी, या सगळ्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. पण त्याच तलावांच्या पाळीवर पिढ्यान्पिढ्या रोज सकाळी चाललेल्या कामाबद्दल, म्हणजे धुण्याबद्दल, कागद जवळजवळ गप्प आहेत. रसेल यांनी संपादित केलेले १९०८चे जिल्हा गॅझेटियर घ्या किंवा बंदोबस्ताची कागदपत्रे घ्या, त्यांचा भर सिंचन, पीक आणि सारा यांवर. धुण्यातून सरकारला काही मिळत नव्हते. ज्यातून मिळत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते इतिहासात येत नाही.

आता मात्र धुणे मोजले जाते. वॉशिंग मशीनवर तारे असतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ही तारांकन योजना २००६ साली सुरू झाली. पुढे कपडे धुण्याची यंत्रे तिच्यात आली आणि २०१९ साली निकष सुधारले, तेव्हा विजेबरोबर पाण्याचाही हिशेब धरला गेला: एक किलो कपड्यांमागे एका फेरीत किती युनिट आणि किती लिटर. जुने कागद वाचण्याची सवय असलेल्या माणसाने हे लेबलही त्याच नजरेने वाचावे. काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, दोन्ही पाहावे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. धुणे म्हणजे चार गोष्टींचा व्यवहार: पाणी, उष्णता, क्षार किंवा साबण, आणि हाताचा जोर. एक वाचवली की दुसरी खर्च होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या जातिवर्णनपर ग्रंथात धोब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्याकडे त्याला परीट म्हणतात आणि वरठीही म्हणतात. भंडारा रोड स्टेशन ज्या गावात आहे त्याचे नावही वरठीच. पण तो मुद्दा इथे नको. परीट कपडे खाऱ्या मातीत किंवा राखेच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचा. वाफेने मळ सुटला की आपटणे आणि खळबळणे सोपे. म्हणजे लाकूड जाळून तो श्रम वाचवत होता. त्याबदल्यात गावाकडून त्याला धान्य मिळे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांचे कपडे मात्र तो घेत नसे, आणि तलावावरचे त्यांचे घाटही वेगळे असत.

बाकी घरांत भट्टी नव्हती. तिथे जळणाची जागा बाईच्या दंडाने घेतली. साकोली-लाखनी भागातल्या वयस्कर बायांशी बोलताना मला एक क्रम पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाला. तलाव भरलेला असेपर्यंत पाण्याचा विचार नाही. उन्हाळ्यात तलाव आटला, धुणे विहिरीवर आले की प्रत्येक बादली ओढून काढायची. मग पहिल्या साबणपाण्यात पांढरे, त्यातच रंगीत, त्यातच शेतावरचे, आणि शेवटी पायपुसणे. रोवणीच्या दिवसांतले चिखलाचे लुगडे आधी नुसत्या पाण्यात काढून मगच साबणाला. कोशाचे कापड या रांगेतच नाही, त्याला रिठा. पाणी वाचवण्याचे हे शास्त्र कुणी लिहिले नाही, पण ते पक्के होते.

तलावांचे पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१पासून तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. विदर्भापुरते निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहेत. गावाच्या सामाईक वापराच्या रूढी त्यांत नोंदवायच्या असतात. वापर नळाकडे सरकला तशा त्या रूढीही मागे पडल्या.

यंत्र आले ते या नळाच्या पाठोपाठ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने वॉशिंग मशीन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. नव्वदच्या दशकात गोव्यात कारखाना असलेल्या आयएफबीमुळे पुढून उघडणारी यंत्रे लोकांना माहीत झाली. तेव्हापासून निवड तीन प्रकारांतच आहे. वरून भरायचे स्वयंचलित यंत्र ताकात रवी फिरवावी तसे कपडे पाण्यात घुसळते. कपडे बुडायला हवेत, म्हणून पाणी जास्त. पुढून उघडणाऱ्या यंत्राचे पिंप आडवे असते, पाणी तळाशीच, कपडे वर उचलून खाली टाकले जातात. हे परटाचे आपटणेच. ७ किलोचे असे यंत्र एका फेरीला साधारण ५० ते ६० लिटर घेते. वरून भरायचे त्याच्या दुप्पट, कधी जास्तही.

हे आकडे आपल्या गावच्या मापाने पाहू. २०१९च्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. म्हणजे पुढून उघडणाऱ्या यंत्राची एक फेरी हे एका माणसाचे दिवसाचे पाणी. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यात वरून भरायच्या यंत्राने १२० घेतले तर राहिले १५५. तारे मोजत बसण्यापेक्षा हा लिटरचा आकडा वाचावा, असे माझे मत आहे. आणि तो आकडा पूर्ण भरलेल्या यंत्राचा असतो. चार शर्ट टाकून फिरवलेले पंचतारांकित यंत्र काटकसरी नसते.

विजेचे म्हणाल तर मोटार फारशी खात नाही, खाते ते पाणी तापवणे. १५ लिटर पाणी २०वरून ६० अंशांवर न्यायला गणिताने सुमारे ०.७ युनिट लागते. परटाच्या भट्टीचे लाकूड ते हे. आमच्याकडे मे महिन्यात छतावरच्या टाकीतले पाणी हात घालवत नाही इतके तापते. तेव्हा गरम धुण्याचे बटण दाबणे म्हणजे निव्वळ हौस. एरवीही रोजच्या घामाच्या कपड्यांना थंड पाणी पुरते.

तिसरा प्रकार अर्धस्वयंचलित, ज्याला शहरी लोक जुनाट समजतात. मला तोच आमच्या खेड्यांना शहाणपणाचा वाटतो. नळ तासभर येतो, दाब नसतो, वीज मध्येच जाते. पुढून उघडणाऱ्या यंत्राचे दार तेव्हा ओल्या कपड्यांसह अडकून बसते. अर्धस्वयंचलित यंत्रात बादलीने पाणी ओतता येते आणि मुख्य म्हणजे तेच साबणपाणी दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला वापरता येते. पांढरे, रंगीत, शेतावरचे, पायपुसणे: विहिरीवरचा तो क्रम या यंत्रात टिकला. लेबलावर तो दिसत नाही, कारण लेबल यंत्राची फेरी मोजते, बाईची अक्कल मोजत नाही. यात एक खोट आहे, तीही सांगतो. पाणी वाचते ते कुणीतरी शेजारी उभे राहिल्यामुळे, आणि ते कुणीतरी बहुतेक घरांत अजून तीच असते. ज्या घरात टाकी उंच आहे, वीज भरवशाची आहे आणि बाई नोकरीला जाते, तिथे पुढून उघडणारेच घ्यावे, जास्त पैसे पडले तरी.

लेबलावर आणखी एक गोष्ट नसते: मागची नळी. यंत्रात जाणारे पाणी मोजले जाते, बाहेर पडणारे नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून पवनीजवळच्या गोसेखुर्दच्या जलाशयात येते. त्यात त्या शहराचे धुण्याचे पाणीही आले. खेड्यांत हीच गोष्ट लहान मापाने घडते: नळी नालीत, नाली बोडीत. तलावांत माजलेली बेशरम उपटून तिथे मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन काही गावांत केले आहे. कमरेइतक्या पाण्यात उतरून ती बेशरम उपटणाऱ्यांत बायाही आहेत.