प्लेगच्या मुंबईत कामावर परतताना

कोरोनात मी इथंच, पिंपळगाव बसवंतला घरी बसून कोड लिहीत होतो. मग एक दिवस कंपनीचा फॉर्म आला. ऑफिसला परत यायचंय, तर सांगा: ताप आहे का? खोकला? घरात कुणी पॉझिटिव्ह? सगळे प्रश्न माझ्याबद्दल आणि माझ्या घराबद्दल. आमच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात का, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि दर शनिवारी मी घरी, आजीजवळ येणार होतो.

हाच घोळ मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता.

सप्टेंबर १८९६. मांडवीत, धान्याच्या गोदामांजवळ, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहराची वस्ती तेव्हा आठ लाखांवर. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरणी कामगार गावाकडे निघाले आणि गिरण्या ओस पडल्या. एरवी पगार महिना-महिना अडकवून ठेवणारे मालक आता रोजच्या रोज मजुरी मोजायला लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागायची.

म्हणजे कामगाराला परत आणायची घाई होती. पण त्याला धोका नेमका कशाचा?

सरकारचं उत्तर होतं, घाण आणि माणूस. म्हणून घरांत कार्बोलिक ॲसिड शिंपडलं, गटारं धुतली. रेल्वे प्रवाशांना उतरवून काखेत, जांघेत गाठ आहे का, ते चाचपलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला, तो हाच.

गाठीचा प्लेग मात्र मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. पॉल-लुई सिमों यांनी हे १८९८ मध्ये मांडलं, पण बऱ्याच जणांनी ते मानलं नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) तपासणी झाली. प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. साध्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले. पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीतले वाचले. हवा तीच, घर तेच.

आता डीबगिंग करणाऱ्याला हे लगेच कळेल. बग कुठून शिरतो ते न बघता आपण प्रत्येक युजरचं लॉगिन तपासत बसलो! तपासणीत पास झालेला कामगार रात्री उंदरांच्या चाळीतच झोपायला जात होता.

कोरोनात उलटं झालं. इथं प्रश्न हवेचा होता आणि आपण दाराच्या कड्या पुसत होतो. हवेतून पसरण्यावर स्पष्ट बोलायला जागतिक आरोग्य संघटनेलाही २०२१ उजाडलं. आमच्या बाजार समितीचंच बघा. उघड्यावरच्या लिलावाची गर्दी डोळ्यांत भरते. पण बंद खोलीत चार जण तासभर हिशेब करत बसले, तर तिथला धोका जास्त असू शकतो.

म्हणून पुढच्या साथीत कामावर बोलावलं, तर आधी विचारा: रोग कुठून शिरतो, आणि ती वाट कामाच्या जागी बंद केलीय का? ताप मोजणं त्यानंतर.

मी फॉर्मच्या तळाशी खिडक्यांचा प्रश्न लिहून पाठवला. उत्तर येईपर्यंत घरूनच काम करेन, असंही कळवलं.

तुमच्या ऑफिसात, दुकानात, शेडमध्ये काय विचारलं होतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!