एका एकवीस अंकी संख्येचा इतिहास

एखादें विधान चुकीचें आहे असें कळणें निराळें, आणि चूक नेमकी कोठें आहे हें दाखवून देणें निराळें. या दोहोंमध्यें किती अंतर असूं शकतें, याचा एक बोधप्रद दाखला गणिताच्या इतिहासांत सांपडतो.

२ च्या ६७ व्या घातांतून १ वजा केला म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. १६४४ सालीं मेर्सेन नांवाच्या विद्वान् फ्रेंच साधूनें अशा जातीच्या संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली, व तींत हिला मूळसंख्या ठरविलें. म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही पूर्णांकानें तिला निःशेष भाग जावयाचा नाहीं. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें तपासण्यास सारा काळहि पुरणार नाहीं, असें याच गृहस्थानें लिहून ठेविलें होतें! तथापि युरोपांतील मोठमोठ्या गणितज्ञांशीं त्याचा पत्रव्यवहार असल्यामुळें त्याच्या शब्दास वजन होतें.

दोनशें बत्तीस वर्षें लोटलीं. १८७६ सालीं एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें एक नवी कसोटी काढली. तिची खुबी ही, कीं अवयव न शोधतांच संख्या मूळ आहे कीं नाहीं याचा निर्णय लागे. या कसोटीस आपली संख्या उतरली नाहीं. तिला भाग जातो हें ठरलें. परंतु कशानें जातो, याविषयीं कसोटी मुकी होती. घरांत चोर शिरला आहे हें कळावें, पण कोणत्या खोलींत हें कळूं नये, तशांतला हा प्रकार!

शोधाची दिशा मात्र ठाऊक होती. या संख्येच्या कोणत्याही अवयवांतून १ वजा केल्यास बाकीस १३४ नें भाग गेलाच पाहिजे, असा सिद्धान्त आहे. तरीहि तपासावयाच्या संख्या लाखोंनीं उरत. अखेर ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन गणित-परिषदेच्या सभेंत प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनीं तें कोडें उलगडलें. १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे ते दोन अवयव होत. वाचकांनीं पहिल्यांतून १ वजा करून १३४ नें भागून पाहावें. भागाकार बरोबर १४,४५,५८० येईल.

कोल यांनीं एक शब्दहि न उच्चारतां फळ्यावर हा गुणाकार मांडला, आणि त्यापायीं त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, अशी हकीकत बेल या गणितज्ञानें पुष्कळ वर्षांनीं लिहिली. ती दंतकथा मानली, तरी गुणाकार कांहीं दंतकथा नव्हे. मेर्सेनचें म्हणणें लोकांनीं त्याच्या विद्वत्तेकडे पाहून मानलें. ल्यूकाचा निर्णय समजण्यास गणिती असावें लागतें. कोल यांचा हिशेब मात्र शाळेंतला मुलगाहि पाटीवर तासाभरांत पडताळून पाहील.